अंगठ्याखालचा मजकूर : ज्येष्ठ आणि परावलंबी प्रौढांच्या संरक्षण-कायद्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

बक्षीसपत्राचा मसुदा महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी जवळजवळ एकाच साच्यातला असतो. ‘लिहून देणार’ म्हणजे आई किंवा वडील; वय सत्तरीच्या पुढचे, व्यवसाय ‘घरकाम’ किंवा ‘निवृत्त’. ‘लिहून घेणार’ म्हणजे मुलगा, कधी मुलगी, कधी नातू. मग मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, आणि त्यानंतर ते ठरलेले वाक्य: नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी ही मिळकत बक्षीस दिली असून यापुढे तीवर माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो काढला जातो, यंत्रावर अंगठा टेकवला जातो, साक्षीदार सह्या करतात. राहते घर किंवा शेतजमीन मुलाबाळांना वा नातवंडांना अशी दिली, तर महाराष्ट्रात २०१५ पासून मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागतो तो वेगळा. सूट चांगल्या हेतूने दिलेली आहे आणि हजारो कुटुंबांना तिचा फायदाच होतो. पण घर देणे इतके स्वस्त झाल्यावर ते देण्याआधी कोणाला विचारावेसे वाटण्याची शक्यता कमी होते, हेही खरे.

या मसुद्यात बहुतेक वेळा एक ओळ नसते: लिहून घेणाऱ्याने लिहून देणाऱ्याचा हयातभर सांभाळ करावा, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे. गेल्या दशकभरात आपल्या उच्च न्यायालयांनी आणि सर्वोच्च न्यायालयाने या क्षेत्रात जो काथ्याकूट केला, त्याचा मोठा भाग या न लिहिलेल्या ओळीभोवती फिरतो. म्हणून या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला, मग तो विधी महाविद्यालयाचा विद्यार्थी असो, समाजकार्याचा पदवीधर असो, ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यकर्ता असो किंवा नुकताच रुजू झालेला प्रांताधिकारी असो, माझी पहिली सूचना अशी की कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी चार-पाच बक्षीसपत्रे, दोन-तीन हक्कसोडपत्रे आणि एखादे कुलमुखत्यारपत्र शांतपणे वाचावे. छळ आणि लुबाडणूक यांविषयी आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर मारहाण किंवा उपासमार येते. तीही असतेच. पण तिच्या आधी, कधी कित्येक वर्षे आधी, एक कागद झालेला असतो.

हा विषय बहुतेक ठिकाणी पोटगीच्या प्रकरणाची शेपटी म्हणून शिकवला जातो. त्याला ऐतिहासिक कारण आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध किंवा निर्बल आईवडिलांचा निर्वाह मुलामुलींवर टाकला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम १२५ मध्ये पत्नी आणि मुलांच्या जोडीला आईवडीलही आणून बसवले. विवाहित मुलगी या कलमाखाली येते का, हा प्रश्न १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला तो आपल्या कल्याणहून. वडिलांनी दावा लावला होता तो डॉक्टर असलेल्या, लग्न झालेल्या मुलीवर. न्यायालयाने सांगितले की लग्नाने मुलगी मुलगी राहायची थांबत नाही; जबाबदारी तिचीही आहे. निकाल महत्त्वाचा आहे आणि वाचनीयही. पण या धाग्याने गेलेला विद्यार्थी साहजिकच असे समजतो की इथला मूळ प्रश्न ‘महिन्याला किती रुपये’ हा आहे.

दुसरा धागा जुना आहे आणि माझ्या मते अधिक कामाचा. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १६ काढून पाहा. वय, आजार किंवा शारीरिक-मानसिक क्लेश यांमुळे ज्याची बुद्धी तात्पुरती वा कायमची दुबळी झाली आहे अशा माणसाशी करार करणारा त्याच्यावर वरचष्मा ठेवू शकतो, हे तिथे स्पष्ट लिहिले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने परावलंबी प्रौढ ओळखला होता. अडचण एवढीच की त्याने दिवाणी दावा लावावा अशी अपेक्षा होती. ऐंशी वर्षांच्या माणसाने दिवाणी दावा लावायचा म्हणजे निकाल कोणाच्या हयातीत लागेल, हे वकिलालाही सांगता येत नाही.

या पार्श्वभूमीवर राज्यांनी हालचाल सुरू केली. हिमाचल प्रदेशाने २००१ मध्ये आईवडील आणि अवलंबितांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा केला. मग संसदेचा २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम आला. कायदा केंद्राचा असला तरी त्याची घडण राज्यांच्या हाती ठेवलेली आहे, हे नवख्या वाचकाच्या पटकन लक्षात येत नाही. तो कोणत्या तारखेपासून लागू करायचा हे राज्याने ठरवायचे, नियम राज्याने करायचे, न्यायाधिकरणे राज्याने नेमायची, ज्येष्ठांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणाचा कृती आराखडाही राज्यानेच आखायचा. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला आणि नियम २०१० मध्ये आले. ही तारीख नुसती पाठांतराची नाही. मालमत्ता परत मिळवण्याचे कलम २३ कायदा लागू झाल्यानंतरच्या हस्तांतरणांनाच लागते. त्यामुळे एखाद्या बाईने फेब्रुवारी २००९ मध्ये घर मुलाच्या नावे केले असेल, तर तिला या कलमाचा आसरा नाही; तिच्या शेजारणीने एप्रिलमध्ये केले असेल तर आहे.

यंत्रणा थोडक्यात सांगतो, कारण तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत. साठ वर्षे पूर्ण केलेला कोणीही भारतीय नागरिक, किंवा वय काहीही असलेले आईवडील, न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी, आपल्या भाषेत प्रांत. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. निर्वाहाची कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये. मूळ कायद्यातला हा आकडा २००७ पासून हललेला नाही. तो काढून टाकणारे, सून-जावयांना जबाबदारीच्या कक्षेत आणणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर बारगळले. अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे. ज्येष्ठ माणसाला वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. आणि कलम १७ म्हणते की वकील नको.

वकील नको यामागचा विचार उघड आहे. पण माझा अनुभव असा की वकील न आल्याने दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत. मुलगा कागद वाचतो, सातबारा काढतो, सोसायटीच्या सचिवाला ओळखतो. आईला तारीखसुद्धा शेजारच्या मुलीने वाचून दाखवावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वकिलांना हजर राहू देण्याच्या बाजूने कौल दिला तो वकिलांच्या हक्काचा मुद्दा धरून. ज्येष्ठांच्या गरजेचा मुद्दा धरून हाच प्रश्न पुन्हा विचारायला हवा असे मला वाटते.

प्रांताविषयीही दोन शब्द. या कायद्याचे सगळ्यात मोठे बळ आणि सगळ्यात मोठी दुर्बलता एकाच खुर्चीत आहे. प्रांत तालुक्याजवळ असतो, फेरफार आणि वारसनोंदी रोज पाहतो, पोलिसांना पत्र पाठवू शकतो. दिवाणी न्यायाधीशाजवळ यातले काहीच इतक्या हाताशी नसते. पण त्याच प्रांताकडे भूसंपादन आहे, निवडणूक आहे, अतिवृष्टीचे पंचनामे आहेत, दाखले आहेत. सून आणि सासू समोर उभ्या असताना कोण खोटे बोलते आहे हे ओळखण्याचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. त्याचे आदेश कधी चार ओळींचे असतात, कधी कमालीचे समंजस. उच्च न्यायालयात उलटतात ते बहुधा चार ओळींचे.

आता कलम २३. या ग्रंथाचा कणा तेच आहे. ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता बक्षीस म्हणून किंवा अन्य मार्गाने दिली, देताना घेणाऱ्याने मूलभूत सोयी व शारीरिक गरजा पुरवाव्यात अशी अट होती, आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण कपटाने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाखाली झाले असे मानले जाते आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर रद्द होऊ शकते. एरवी मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्वीकारलेले बक्षीस मनात आले म्हणून परत घेता येत नाही. त्या दृष्टीने ही मोठीच मुभा आहे. पण सगळे ‘अट होती’ या दोन शब्दांवर अडते. अट कुठे होती? कागदात की मनात?

केरळच्या पूर्णपीठाने २०२० मध्ये सांगितले, कागदातच हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, आईवडील मुलांना मालमत्ता देतात तेव्हा सांभाळाची अट प्रत्येक वेळी असतेच असे गृहीत धरता येत नाही. ती होती हे सिद्ध करावे लागेल. मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचे प्रकरण आले. तिने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. बक्षीसपत्रात अट नव्हती, पण त्याच दिवशीचे वेगळे वचनपत्र होते: मुलाने सेवा केली नाही तर आईला मिळकत परत घेण्याचा हक्क राहील. उच्च न्यायालयाने बक्षीसपत्राच्या चौकटीबाहेर पाहायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, हा कल्याणकारी कायदा आहे म्हणून सढळ हाताने वाचायचा असे सांगितले, बक्षीसपत्र रद्द केले आणि ताबाही आईला परत द्यायला लावला. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: ‘प्रेम व आपुलकी’ यातच सांभाळाची अट अध्याहृत धरता येते. मला हा निकाल मनापासून आवडतो आणि त्याची थोडी भीतीही वाटते. आवडतो, कारण लिहून देणाऱ्या बाईच्या डोक्यात तेच असते. भीती अशासाठी की उद्या दोन भावांच्या भांडणात एकाने आईला हाताशी धरून दुसऱ्याला दहा वर्षांपूर्वी दिलेले घर काढून घेतले, तर न्यायाधिकरणाने कशाच्या आधारे नाही म्हणायचे? वाचकाने या बाबतीत माझे ऐकण्याची गरज नाही. निकाल समोर ठेवून आपले मत बनवावे.

ही भीती हवेतली नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या एका प्रकरणात निकाल दिला, तो या विषयाच्या अभ्यासकाने अथपासून इतिपर्यंत वाचावा. पतीने घेतलेली जागा पतीने वडिलांना विकली, वडिलांनी नंतर ती आपल्या पत्नीला, म्हणजे सुनेच्या सासूला, बक्षीस दिली. इकडे पती-पत्नीचे घटस्फोटाचे प्रकरण पेटलेले. मग सासू-सासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक म्हणून २००७ च्या कायद्याखाली सुनेला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळवला. कागदोपत्री सगळे जागच्या जागी. न्यायालयाने मान्य केले की संरक्षणासाठी गरज असेल तर न्यायाधिकरण घर खाली करायला लावू शकते, पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे तो या झटपट प्रक्रियेने पुसता येणार नाही. दोन कायदे दोन दुबळ्यांसाठी केलेले, आणि एकाच उंबऱ्यावर समोरासमोर उभे. या क्षेत्रात काम करायचे तर ‘म्हातारे म्हणतात ते खरे’ हे सूत्र सोडावे लागते, आणि ‘म्हातारे सुनेला छळायलाच येतात’ हेही.

मुंबईपुरते बोलायचे तर छळामागे बऱ्याचदा क्षेत्रफळ असते. चाळीतली दहा बाय बाराची खोली पुनर्विकासात फ्लॅट होणार असे कळले की, वर्षानुवर्षे न फिरकलेल्या मुलाला वडिलांच्या तब्येतीची काळजी वाटू लागते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या एका प्रकरणात ऐंशी वर्षांच्या वडिलांच्या मुंबईतल्या दोन खोल्या थोरल्या मुलाने बळकावल्या होत्या. न्यायाधिकरणाने खोल्या परत द्यायला सांगितले, अपिलातही तेच झाले. उच्च न्यायालयात आदेश टिकला नाही. कारण तोवर मुलगाच साठ वर्षांचा होऊन ज्येष्ठ नागरिक झाला होता! सर्वोच्च न्यायालयाने वय अर्जाच्या तारखेला मोजायचे, असे सांगून वडिलांना न्याय दिला. आयुर्मान वाढले की कायद्याच्या व्याख्यांची कशी गंमत होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. आता ऐंशीच्या आईची देखभाल साठीची लेक करते आणि दोघीही ‘ज्येष्ठ नागरिक’ असतात.

आतापर्यंत आपण ज्यांच्याविषयी बोललो त्यांना निदान आपण लुबाडले गेलो हे कळते. ज्यांना ते कळत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे कायदा फार विरळ आहे. वडिलांना स्मृतिभ्रंश झाला. बँकेत मुलगी कुलमुखत्यारपत्र घेऊन जाते. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारीही संपते. म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज पडते त्याच दिवशी तो निकामी होतो. प्रामाणिक मुलगी अडकते, अप्रामाणिक मुलगा गप्प राहून तोच कागद वापरत राहतो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती; २०१७ च्या नव्या कायद्याने रुग्णाचे हक्क पुष्कळ वाढवले, पण ती सोय गेली आणि तिच्या जागी काही आले नाही. कोमातल्या माणसाच्या पत्नीला त्याच्या उपचारासाठी त्याच्याच खात्यातले पैसे काढायला उच्च न्यायालयाकडे रिट करावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयही अनुच्छेद २२६ खाली पालक नेमत आले आहे. पण रिट हा प्रत्येक घराला परवडणारा उपाय नव्हे.

साठीच्या आतल्यांचे काय? बौद्धिक अपंगत्व असलेल्या चाळीस वर्षांच्या माणसाला आईवडिलांमागे भाऊ सांभाळतो आणि त्याच्या वाट्याची जमीनही सांभाळतो, तेव्हा २००७ चा कायदा त्याला ओळखत नाही. त्याच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि जिल्ह्याची स्थानिक समिती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ७, ज्याखाली छळाची वा शोषणाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देता येते. आणि कलम १३, जे सांगते की मदतनीसाचे स्वतःचे हितसंबंध एखाद्या व्यवहारात गुंतले असतील तर त्याने त्या व्यवहारात मदतनीस राहू नये. हे शेवटचे तत्त्व ज्येष्ठांच्या कायद्यात असते तर निम्मी बक्षीसपत्रे वेगळ्या रीतीने झाली असती, असे मी पैजेवर सांगेन. काही पाश्चात्त्य राज्यांनी हे तुकडे एकत्र बांधले आहेत. कॅलिफोर्नियाचा कायदा ६५ वर्षांवरील ‘ज्येष्ठ’ आणि १८ ते ६४ वयाचे ‘अवलंबित प्रौढ’ अशा दोघांनाही एकाच छत्राखाली घेतो आणि २००७ पासून तिथल्या बँक कर्मचाऱ्यांवर आर्थिक शोषणाचा संशय आल्यास कळवण्याचे बंधन आहे. आपला कायदा अपराधी म्हणून मुख्यतः मुले, वारस आणि सांभाळ करणारेच ओळखतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त शिक्षिकेला आठवडाभर फोनवर बसवून तिच्या ठेवी मोडायला लावणारा भामटा त्याच्या चौकटीत बसत नाही, आणि काउंटरपलीकडचा रोखपालही नाही, ज्याला ठेव मोडतानाच काहीतरी गडबड आहे असे वाटले होते.

आपल्याकडच्या राज्यांनी अलीकडे बऱ्याच दिशांनी हातपाय मारले आहेत. आसामने २०१७ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून आईवडिलांसाठी रक्कम कापण्याचा कायदा केला. लातूर जिल्हा परिषदेने तसाच ठराव करून २०२१ मध्ये काही कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के वळते केले. त्यात शिक्षक जास्त निघाले याची वर्तमानपत्रांनी चवीने बातमी केली. पगार ज्यांना मिळतो त्यांच्यापुरता उपाय ठीक आहे, पण शेतकऱ्याचे, रिक्षावाल्याचे, दुकानदाराचे काय कापणार? केरळने २०२५ मध्ये ज्येष्ठांसाठी राज्य आयोगाचा कायदा केला, देशात पहिला. त्याचे दात किती ते कळायला वेळ लागेल. गोव्याचा प्रश्न निराळाच आहे: तिथल्या वारसा कायद्यात मुलांचा निम्मा वाटा राखीव असल्याने आईवडिलांच्या हातातले दानाचे स्वातंत्र्य मुळातच आखूड आहे, आणि त्याने छळ कमी होतो की वेगळ्या वाटेने जातो, यावर एखाद्या गोमंतकीय अभ्यासकाने लिहायला हवे.

महाराष्ट्राला संसदेची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे. नियम करण्याचा अधिकार राज्याकडे आहे, मुद्रांकाच्या सवलती राज्यच देते. २०० रुपयांची सवलत घेणाऱ्या बक्षीसपत्रात सांभाळाचे कलम असावे, नको असेल तर देणाऱ्याने तसे स्वतः स्वच्छ लिहावे, आणि दुय्यम निबंधकाने साठीपुढच्या माणसाला घेणाऱ्यापासून बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारावेत, एवढी व्यवस्था करायला मोठा खर्च येत नाही. मृत्युपत्राने हेच साधते आणि ते मरेपर्यंत बदलता येते, हेही त्याच टेबलावर सांगता येईल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले जवळपास दहा टक्के लोक साठीपुढचे होते. पुढच्या जनगणनेत हा आकडा वाढलेला दिसेल हे सांगायला ज्योतिषी नको. इतक्या माणसांशी संबंधित कायद्याचे खरे दैनंदिन रूप मात्र विधी-अहवालांत छापले जात नाही. तिथे येतात ते उच्च न्यायालयापर्यंत पोचलेले थोडके खटले. बाकीचे आदेश उपविभागीय कार्यालयांतल्या फायलींत, रोजनाम्यांत आहेत: कोणी अर्ज मागे घेतला, कोणत्या तारखेला आई आलीच नाही, तडजोडीत काय ठरले, दरमहाची रक्कम किती महिने आली आणि कधी बंद झाली. माहितीच्या अधिकारात ते मागता येतात. या ग्रंथातल्या लेखकांनी उपलब्ध निकालांवर काम केले आहे आणि उत्तम केले आहे. पण एका जिल्ह्यातले एका वर्षाचे सगळे आदेश गोळा करून, नावे झाकून, सलग वाचण्याचे काम अजून कोणीतरी अंगावर घ्यायचे आहे. ते घेणाऱ्याला मराठी येत असणे पुरेसे आहे, कारण अर्ज, जबाब आणि आदेश सगळे मराठीतच आहेत, आणि पुष्कळसे अजून हाताने लिहिलेले.